गोरोंगोरोच्या विवरात उतरताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

टांझानियाची सहल आखताना बहुतेक जण आधी तारखा बघतात, मग विमान, मग हॉटेल, आणि कुठल्या दिवशी काय पाहायचं हे सगळ्यात शेवटी. गोरोंगोरोच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा. आधी एवढंच ठरवा की विवराच्या तळाला तुमची गाडी सकाळी किती वाजता लागणार. मुक्काम कुठे करायचा, आदल्या दिवशी कुठून यायचं, पैसे किती लागतील, हे सगळं त्या एका उत्तरातून सुटत जातं. आम्ही पहिल्या वेळी हे केलं नव्हतं. साडेदहाला तळाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, सिंह गवतात आडवे झाले होते आणि त्यांच्याभोवती आमच्या आधीच बारा गाड्या उभ्या होत्या. दुसऱ्या खेपेला साडेसहाला उतरलो. जागा तीच, ऋतू तोच, पण दिवस वेगळाच निघाला.

हे विवर म्हणजे काय

गोरोंगोरो हा आपण सोयीसाठी केलेला उच्चार. तिथल्या लोकांच्या तोंडी तो ‘ङ्गोरोङ्गोरो’ असा येतो. शाळेत मुळाक्षरांत भेटलेला आणि नंतर फारसा कधी न दिसलेला ङ इथे कामाला येतो. मासाई या तिथल्या गुरं पाळणाऱ्या लोकांच्या गुरांच्या गळ्यातल्या घंटेचा नाद म्हणजे हे नाव, असं तिथे सांगतात.

मराठी माणसाला विवर म्हटलं की लोणार आठवतं आणि ही तुलना अगदीच वावगी नाही. दोन्हीकडे गोल कडा, आत उतरती भिंत, तळाशी बाहेर वाट नसलेलं खारं, अल्कधर्मी पाणी आणि त्या पाण्यावर अधूनमधून रोहित पक्षी. पण लोणार उल्केच्या आघातानं झालं आणि त्याचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर. गोरोंगोरो ज्वालामुखीचं. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड पर्वत होता. त्याची उंची ४,५०० ते ५,८०० मीटर असावी असा अंदाज आहे, म्हणजे जवळजवळ किलिमांजारोच्या तोडीचा. पोटातला लाव्हा बाहेर पडून गेला, आत पोकळी राहिली आणि वरचं छत स्वतःच्याच वजनानं खाली बसलं. त्या बसलेल्या छतावर आज आपण गाडी फिरवतो. रुंदी साधारण १९ किलोमीटर, खोली ६०० मीटर, तळाचं क्षेत्रफळ २६० चौरस किलोमीटरच्या आसपास. कडा न फुटलेलं आणि पाण्यानं न भरलेलं जगातलं हे सगळ्यात मोठं ज्वालामुखी विवर. खोलीचा अंदाज यायला म्हणून सांगतो : खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला जाताना जेवढं खाली येतो, त्याहून थोडं जास्तच.

या भांड्यात वर्षभर सुमारे २५,००० मोठे प्राणी राहतात. शेजारच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातले कळप पावसामागे फिरत असतात. इथले बहुतेक जण घर सोडत नाहीत, कारण झरे, दलदल, सोड्याचं तळं, गवत आणि थोडं जंगल हे सगळं एकाच आवारात आहे. म्हणूनच नवख्यांसाठी ही जागा सोपी. काहीच दिसलं नाही, असं इथे सहसा होत नाही. मात्र तळाशी जिराफ नाहीत. उतार त्यांना जमणारा नाही आणि त्यांच्या खाण्याजोगी बाभळीची झाडीही खाली पुरेशी नाही. जिराफ बघायचेच असतील तर ते सेरेंगेटीत किंवा तरंगिरे या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात बघून घ्या, इथे चालकाच्या मागे लागू नका.

केव्हा जायचं

जून ते ऑक्टोबर कोरडा काळ. गवत आखूड, रस्ते बरे, प्राणी उघड्यावर. पण जून-ऑगस्टमध्ये कडेवर सकाळी दाट धुकं असतं, थंडी कडक आणि जुलै-ऑगस्टमध्ये गर्दीही असते. नोव्हेंबर-डिसेंबरात थोडा पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीत सगळं हिरवं आणि त्याच सुमारास शेजारच्या न्दुतूच्या माळावर वाइल्डबीस्टची, म्हणजे कळपानं फिरणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांची, वासरं जन्मतात, तेव्हा दोन्ही जोडून करता येतं. मार्च ते मे मोठा पाऊस.

आपली अडचण इथेच आहे. मराठी घरात लांबची सहल म्हणजे मे महिना, आणि तोच नेमका तिथला चिखलाचा. मुलांच्या शाळेमुळे मे टाळता येत नसेल तर महिन्याच्या अगदी शेवटी जा. दर उतरलेले असतात, गर्दी नसते, पण गाडी रुतण्याची तयारी ठेवा. माझं मत विचाराल तर दिवाळीची सुट्टी. ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबरची सुरुवात, युरोपातली गर्दी ओसरलेली, आणि पाऊस आलाच तर दुपारचा.

कागद आणि लस

पासपोर्टला किमान सहा महिने मुदत हवी. व्हिसा ऑनलाइन मिळतो. भारतीयांना साध्या पर्यटक व्हिसाचे ५० डॉलर पडतात. अर्ज टांझानियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब तशी दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी दुकानं इंटरनेटवर भरपूर आहेत.

यलो फीव्हरची लस मात्र लोक शेवटच्या आठवड्यावर टाकतात आणि अडकतात. मुंबईहून जाताना आपण बहुधा नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जातो, आणि केनिया व इथिओपिया हे यलो फीव्हरच्या यादीतले देश आहेत. प्रमाणपत्र नसेल तर परत येताना भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तिथे ठरावीक दिवशीच देतात, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. म्हणून तिकीट काढल्याच्या आठवड्यातच नंबर लावा. एकदा घेतली की ती जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि काही आजार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा. कडेवरच्या थंडीत डास कमी असले तरी बाकीची सहल खालच्या भागात असते.

गाडी, चालक आणि कंपनी

किलिमांजारो विमानतळावरून अरुशा तासाभराच्या अंतरावर, आणि अरुशाहून विवराभोवतालच्या संरक्षित क्षेत्राच्या लोडोआरे फाटकापर्यंत तीन-साडेतीन तास, चांगल्या डांबरी रस्त्यानं. वाटेत म्टो वा म्बू नावाचं गाव लागतं, अर्थ ‘डासांची नदी’. तिथे लाल सालीची केळी मिळतात, ती घ्या. पुढे घाट चढून करातू, मग फाटक. फाटकाच्या आत डांबर संपतं.

विवरात फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना परवानगी आहे. बहुतेक कंपन्यांकडे छत वर उचलणाऱ्या लँड क्रूझर असतात. स्वतः गाडी चालवायची हौस असली तरी पहिल्या खेपेला ती आवरा. चालक इथे नुसता चालक नसतो. कुठल्या कळपानं काल कुठे शिकार केली हे त्याला ठाऊक असतं, रेडिओवरचं स्वाहिली त्याला कळतं आणि रस्ता सोडायचा नाही हेही त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

कंपनी निवडताना तीन प्रश्न विचारा. परवाना आहे का आणि टांझानियाच्या टूर ऑपरेटरांच्या संघटनेचे, म्हणजे ‘टाटो’चे, सदस्य आहात का? खिडकीची जागा प्रत्येकाला मिळणार का? आणि विवराचं वाहन शुल्क सांगितलेल्या भावात धरलं आहे की नाही? तिसऱ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस अडखळला तर दुसरी कंपनी बघा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे शुल्क ‘वेगळं’ असल्याचं फाटकावर पोचल्यावर कळलं होतं.

जेवणाची काळजी फार करू नका. शाकाहारी आहोत हे आधी लिहून कळवा, जैन असाल तर कांदा-लसूण-बटाट्याचं वेगळं लिहा. अरुशात भारतीय वंशाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि स्वाहिली स्वयंपाकघरात आपल्या ओळखीचं बरंच काही आहे : चपातीला चपातीच म्हणतात, समोशाला सांबुसा, चहाला चाय. कांदा-टोमॅटोची कचुंबर ‘काचुम्बारी’ म्हणून पुढे येते. ‘मचिचा’ नावाची पालेभाजी आली तर ती आपल्या माठाची भावंड आहे. सोबत शेंगादाण्याची चटणी असली की उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सहज खपतो.

२४ तासांचं गणित

इथे थोडं थांबून वाचा, कारण पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

विवर हा एका मोठ्या संरक्षित क्षेत्राचा भाग आहे. हे क्षेत्र सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचं आहे. क्षेत्रात शिरण्याचं शुल्क वेगळं आणि विवरात गाडी उतरवण्याचं वेगळं. गेली काही वर्षं परदेशी प्रौढाला प्रवेश ६० डॉलर अधिक १८ टक्के कर, म्हणजे ७०.८० डॉलर पडतो आणि तो २४ तास चालतो. विवराचं शुल्क माणशी नाही, गाडीमागे आहे : २५० डॉलर अधिक कर, म्हणजे २९५. गाडीत दोघंच असाल तर प्रत्येकी जवळजवळ १४८ डॉलर, सहा जण असाल तर प्रत्येकी ४९. दोन मराठी कुटुंबांनी एक गाडी करण्याला यापेक्षा चांगलं कारण मला सुचत नाही. दर बदलत राहतात, तेव्हा बुकिंगआधी ताजा आकडा मागून घ्या.

आता दुसरी गोष्ट. अरुशाकडून सेरेंगेटीला जाणारा नेहमीचा रस्ता याच क्षेत्रातून, विवराच्या कडेवरूनच जातो. म्हणजे नुसतं पलीकडे जायचं असलं तरी प्रवेश शुल्क भरावं लागतं, आणि परत येताना पुन्हा. जाताना एक दिवस विवर, मग सेरेंगेटी, मग त्याच वाटेनं परत, अशी आखणी केली तर दुसरा प्रवेश केवळ रस्त्यासाठी वाया जातो. त्याऐवजी जाताना न थांबता पुढे निघून जा. सेरेंगेटीचे दिवस संपवून येताना सेरेंगेटीच्या बाजूच्या नाबी हिल फाटकावरून दुपारी दोनच्या सुमारास या क्षेत्रात शिरा, संध्याकाळपर्यंत कडेवर पोचा, रात्री तिथे झोपा, पहाटे विवरात उतरा आणि दुसऱ्या दिवशी दोनच्या आत लोडोआरे फाटकातून बाहेर पडा. परतीच्या एकाच परवान्यात रस्ता, मुक्काम आणि विवर, सगळं बसतं. घड्याळ मात्र चालकाच्या हातात न देता स्वतः सांभाळा, कारण उशीर झाला तर पुन्हा पैसे तुम्हालाच भरायचे आहेत.

या आखणीत येताना वाटेत ओल्डुवाई घळ लागते. मेरी लीकी यांना १९५९ मध्ये इथे आदिमानवाची ती प्रसिद्ध कवटी सापडली. तिथलं संग्रहालय तासाभरात बघून होतं. इथून काही अंतरावरच्या लाएटोलीला ३६ लाख वर्षांपूर्वीच्या, दोन पायांवर चालणाऱ्यांच्या पाऊलखुणा राखेत उमटलेल्या मिळाल्या. त्यांचा ठसा संग्रहालयात आहे. मुलं सोबत असतील तर हे चुकवू नका.

कडेवर की करातूत

विवराच्या तळाशी मुक्कामाला परवानगी नाही. पर्याय दोन. कडेवरची लॉज महाग, आणि रात्री राहण्याचं शुल्कही वेगळं द्यावं लागतं. पण सकाळी सहाला विवरात उतरण्याचं फाटक उघडताना तुम्ही रांगेत असता. करातू स्वस्त, उबदार, जेवण बरं. मात्र तिथून लोडोआरे फाटकावरचे कागद, मग कडेवरचा वळणांचा रस्ता, मग उतरण, असं करत तळाशी पोचायला आठ वाजतात. पैसा कुठे तरी वाचवायचा असेल तर सेरेंगेटीत स्वस्त तंबू घ्या, आणि एक रात्र कडेवर काढा.

त्याहून स्वस्तात कडेवर राहायचं तर सिम्बा कॅम्पसाइट आहे. उघड्या गवतावर तंबू, सामायिक न्हाणीघर. रात्री झेब्रे तंबूच्या दोरीपाशी चरतात आणि हत्ती पाण्याच्या टाकीवर येतात. रात्री बाहेर जायचं तर आधी टॉर्च चारही दिशांना फिरवा, मग पाय बाहेर टाका. कड २,२०० ते २,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून जवळजवळ हजार मीटर वर. जून-जुलैच्या रात्री पारा एक आकडी असतो. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ असं समजून एकच स्वेटर नेलेला मी, पहाटे चारला सगळे टी-शर्ट एकावर एक चढवून बसलो होतो.

बॅगेत काय

कपडे खाकी, मातकट, फिकट हिरवे. गडद निळा आणि काळा टाळा. या रंगांकडे त्सेत्से माशी धावते. विवरात तिचा त्रास नसतो, पण सेरेंगेटीच्या आणि तरंगिरेच्या झाडीत ती कडकडून चावते. थरावर थर घालता येतील असे कपडे घ्या, सकाळी लोकरीची टोपी आणि दहाला उन्हाची टोपी लागते. धुळीसाठी पंचा किंवा ओढणी.

दुर्बीण प्रत्येकाला वेगळी हवी, निदान दोघांत एक. कॅमेऱ्याची मोठी लेन्स नसेल तर चालेल, दुर्बीण नसेल तर गेंडा दिसणार नाही, इतकं हे सरळ आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. आपल्या सवयीप्रमाणे चपला, फरसाण, ओले कपडे सगळं वेगवेगळ्या कॅरीबॅगमध्ये भरू नका, कापडी पिशव्या घ्या. तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा अ‍ॅडॉप्टर घ्या. ड्रोन घरी ठेवा.

घड्याळाचंही एक. टांझानिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, ते मोबाइल लावून घेतो. पण स्वाहिली बोलताना लोक तास सूर्योदयापासून मोजतात : सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘पहिला तास’. आपल्याकडच्या प्रहरांची आठवण व्हावी अशी ही पद्धत. वेळ ठरवताना चालकाकडून इंग्रजीत पक्की करून घ्या, नाही तर सहा तासांचा घोळ होतो.

उतरण्याचा दिवस

पाचला उठा. आदल्या रात्रीच लॉजवर सांगून ठेवा की नाश्ता आणि दुपारचं जेवण, दोन्ही डब्यात हवं. निघण्याआधी स्वच्छतागृहाचं काम उरकून घ्या, कारण खाली गाडीतून उतरण्याची परवानगी फक्त ठरावीक सहलीच्या जागांवर आहे आणि पहिली जागा यायला दोन-तीन तास लागू शकतात.

पश्चिमेकडचा सेनेटो रस्ता फक्त उतरण्याचा, दक्षिणेचा लेराई रस्ता फक्त चढण्याचा, आणि पूर्वेचा रस्ता दोन्हीसाठी. तुमचा मुक्काम कडेच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर चालक ठरवेल. धुकं असलं तर घाबरू नका. ते कडेवरच्या जंगलाला चिकटलेलं असतं आणि अर्धा उतार संपला की एकदम मागे राहतं. त्या क्षणी सगळा तळ समोर उघडतो, गवतावर काळे ठिपके पसरलेले दिसतात. ते ठिपके म्हणजे वाइल्डबीस्ट, झेब्रे आणि रानम्हशी.

पहिला तास सिंहांचा आणि तरसांचा. सिंह सकाळी ओलं गवत टाळून रस्त्यावरून चालतात, त्यामुळे त्यांना शोधायला फार लांब जावं लागत नाही. ते बघताना त्यांची गोष्ट ठाऊक असलेली बरी. १९६२ मध्ये अतिपावसानंतर इथे चावणाऱ्या माश्यांचा असा उद्रेक झाला की विवरातले सिंह जवळजवळ संपले, दहाएक उरले. नंतर बाहेरून काही नर आले, आणि आजची वस्ती बहुतांशी त्या मूठभर सिंहांची प्रजा आहे. उंच कडेमुळे बाहेरून नवं रक्त फारसं येत नाही. आपल्याला भरलेलं वाटणारं हे भांडं सिंहांना एका अर्थानं कोंडूनही ठेवतं.

तरस आपल्याकडेही आहे, पण तो पट्टेवाला आणि एकटा. इथला ठिपकेवाला टोळीनं राहतो. तो उष्ट्यावर जगणारा आहे, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. हान्स क्रूक या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात याच विवरात रात्रीच्या रात्री जागून दाखवून दिलं की इथले तरस स्वतः शिकार करतात आणि पुष्कळदा सिंहच ती हिसकावून घेतात. तेव्हा सकाळी एखाद्या शिकारीवर सिंह आणि भोवती तरस दिसले, तर चोर कोण याचा निकाल घाईनं लावू नका.

गेंड्यासाठी वेगळी चिकाटी लागते. इथे काळा गेंडा आहे. १९६० च्या दशकात विवरात शंभराच्या वर होते, चोरट्या शिकारीनं ते बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि कडक पहाऱ्यात संख्या पुन्हा हळूहळू वाढते आहे. ते रस्त्याजवळ क्वचित येतात. लेराईचं जंगल आणि तळं यांच्यामधल्या उघड्यावर सकाळी लवकर बघा. चालकाला सांगा, ‘किफारू’. मग तो गाडी थांबवेल, तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावा आणि करड्या दगडांवरून सावकाश फिरवा. एक दगड मान वळवेल. आम्हाला दिसला तो जवळपास किलोमीटरभर लांब होता, फोटोत तो एक मोहरीचा दाणा आहे, आणि तरी त्या वीस मिनिटांत गाडीत कुणी बोललं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. रेडिओवर खबर आली की सगळ्या गाड्या एकाच दिशेनं सुटतात. विवर मोकळं आणि आटोपशीर, त्यामुळे एका चित्त्यामागे वीस गाड्या सहज जमतात. चालकाला वाटतं की पाहुण्याला हेच हवं असणार, कारण बहुतेकांना तेच हवं असतं. तेव्हा सकाळीच त्याला सांगून टाका की आम्हाला ‘बिग फाइव्ह’ची, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांची, यादी पुरी करायची नाही, एका जागी थांबलो तरी चालेल. ‘पोले पोले’, सावकाश. हे दोन शब्द ऐकून आमच्या चालकाचे खांदे सैल झालेले मी पाहिले. त्यानंतर त्यानं गाडी एका ओढ्याशी नेऊन इंजिन बंद केलं, आणि अर्ध्या तासात सर्व्हल नावाचं लांब कानांचं रानमांजर गवतातून आमच्यासमोर उंदरावर उडी मारून गेलं.

पक्ष्यांकडेही बघा. कोरी बस्टर्ड दिसला की जरा जास्त वेळ थांबा. तो आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं आणि जो आता आपल्याकडून जवळजवळ गेलाच, त्याचा हा नातेवाईक इथे रस्त्याकडेला निवांत किडे टिपत चालतो. सोड्याच्या तळ्याचं नाव मगाडी. पाणी असेल तर कडेला गुलाबी पट्टा दिसतो तो रोहितांचा. तळं आटलेलं असेल तर ते दुसरीकडे गेलेले असतात, तेव्हा कॅलेंडरवरचा फोटो मनात धरून जाऊ नका.

दुपारच्या डब्यासाठी गोइतोकितोक झऱ्याची जागा सगळ्यात सुंदर. पाण्यात पाणघोडे, मागे डोंगराची भिंत, स्वच्छतागृहाची सोय. पण डबा गाडीतच खा. इथल्या घारी वरून येऊन हातातला घास नेतात. मला कुणी तरी आधी सांगितलं होतं, तरी थालिपीठ हातात घेऊन मी मोठ्या ऐटीत पाण्याकडे बघत उभा राहिलो. पुढच्या क्षणी हातात ओरखडा होता आणि थालिपीठ आभाळात. आमच्या चालकाला त्यानंतर दिवसभर हसू आवरलं नाही.

खाली असताना पाळायचे नियम थोडेच आहेत आणि ते मोडल्यास दंड चालकाला भोगावा लागतो : गाडी रस्ता सोडून गवतात घालायला सांगू नका, खिडकीबाहेर हात-पाय काढू नका, ओरडून प्राण्याचं लक्ष वेधू नका. उन्हात कधी कधी सिंह गाडीच्याच सावलीत येऊन पडतो. तेव्हा शांत बसा, तो उठेपर्यंत इंजिन सुरू करण्याची घाई नको.

निघताना लेराईच्या जंगलातून जा. पिवळ्या सालीच्या बाभळी आहेत. जुन्या गोऱ्या प्रवाशांना ही झाडंच ताप आणतात असं वाटायचं, कारण ती दलदलीपाशी वाढतात आणि डासही तिथेच असतात. इथे हत्ती दिसले तर ते बहुतेक म्हातारे नर असतात, लांब सुळ्यांचे. कळप, माद्या आणि पिल्लं वरच्या जंगलात.

कडेवरची माणसं

१९५९ मध्ये हे क्षेत्र सेरेंगेटीपासून वेगळं काढलं, ते मासाईंना त्यांच्या गुरांसह इथे राहता यावं म्हणून. म्हणजे हे माणसांचंही ठिकाण आहे. फाटकाआत लाल शुका पांघरलेली पोरं गुरं वळताना दिसतील ती पर्यटनासाठी उभी केलेली नाहीत. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती गुरं पाण्यासाठी आणि खारीसाठी विवरातही उतरत, आता ते बंद आहे. २०२२ पासून सरकार इथल्या कुटुंबांना दूर टांगा प्रांतातल्या म्सोमेरा गावी हलवतं आहे. सरकार त्याला ऐच्छिक म्हणतं, मानवाधिकार संघटना आणि अनेक मासाई तसं मानत नाहीत. अभयारण्यं आणि विस्थापन हा प्रश्न आपल्याला मेळघाटापासून ठाऊक आहे. चालक मासाई असेल तर त्याला विचारा, पण गाडीत तुम्ही आणि तो असे दोघंच असताना, आणि त्याला बोलायचं असेल तरच. फोटो काढण्याआधीही विचारा. वाडीला भेट द्यायची असल्यास पैसे किती आणि ते कुणाला, हे आत जाण्याआधी चालकाच्या समोर ठरवा.

कडेवरच रस्त्यालगत दगडांचं एक स्मारक आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल यांनी छोट्या विमानातून इथल्या कळपांची मोजणी केली. जानेवारी १९५९ मध्ये ते विमान पडून मायकेल गेला. त्याला इथेच पुरलं. चालक सहसा न थांबता पुढे जातात, तुम्ही पाच मिनिटं थांबवा.

मग फाटक. चालकाला बक्षिसी देण्याची रीत आहे, गाडीमागे दिवसाला साधारण २० डॉलर. ती सहलीच्या शेवटी पाकिटात घालून, सगळ्यांनी मिळून, हातात द्या आणि ‘असांते साना’ म्हणा. आम्ही लोडोआरेला पोचलो तेव्हा परवान्याची अकरा मिनिटं शिल्लक होती. चालकानं ती मला घड्याळावर दाखवली, आणि मग कुठे माझ्या हातावरच्या घारीच्या ओरखड्याला लावायला पेटीतलं मलम काढलं.